मासळीची वाढ ८ टक्के, मग होडी रिकामी कशी?

रविवारी सकाळी पनवेलच्या मासळी बाजारात गेलो होतो. बांगडा हवा होता. नेहमीच्या मावशींच्या पाटीत मूठभर मांदेली आणि चार उदास बांगडे होते. भाव ऐकून मी गप्प झालो. मावशींनी मागचं थर्माकोलचं खोकं पुढे ओढलं आणि वरचा बर्फाचा चुरा हातानं सारला. खाली रोहू आणि कटला, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे, सगळे सव्वा-दीड किलोचे. "दर्यात काय राह्यलंय आता? ह्यो घ्या, आंध्राचा." मी घेतला नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, हा आम्हा खाऱ्या पाण्याच्या माणसांचा जुना दुराग्रह आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

पण मावशींचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण वर्तमानपत्रात आपण नेमकं उलटं वाचतो. शेती आणि संलग्न क्षेत्रांत सगळ्यात वेगानं वाढतोय तो मत्स्यव्यवसाय, पिकं मागे पडलीत, नील क्रांती झाली वगैरे. मावशीही खोटं बोलत नाहीत आणि सरकारही खोटं बोलत नाही. दोघं वेगवेगळ्या माशांबद्दल बोलतायत, एवढंच. कसं, ते बघू.

आकडा काय म्हणतो

केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय शेती आणि संलग्न क्षेत्रांतून किती रुपयांचा माल निघाला, याचा सविस्तर अहवाल काढतं. यात पिकं, जनावरं, जंगल आणि मासळी असे चार भाग असतात. २०११-१२ साली या चारांचं मिळून उत्पादन होतं सुमारे १९.०८ लाख कोटी रुपयांचं. २०२३-२४ साली ते २९.४९ लाख कोटींवर गेलं. त्यात पिकांचा वाटा ६२ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर उतरला आणि मासळीचा ४.२ वरून ७ टक्क्यांवर चढला.

आता घरगुती हिशेब करू. पहिल्या वर्षी पिकं साधारण ११.९ लाख कोटींची होती, बारा वर्षांनी १५.९५ लाख कोटींची झाली. म्हणजे वर्षाला सरासरी अडीच टक्के. मासळी होती ८० हजार कोटींची, झाली दोन लाख सहा हजार कोटींची. वर्षाला आठ टक्के. एखादी रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे काढायची बँकेतली जुनी युक्ती आहे, ७२ ला दरानं भागायचं. मासळी नऊ वर्षांत दुप्पट होते. पिकांना लागतात २९ वर्षं, अख्खी एक पिढी.

इथे एक खाचखळगा आहे. वरचे सगळे रुपये '२०११-१२ च्या किमतींचे' आहेत. ही काय भानगड? समजा, एका शेतकऱ्याचा कांदा गेल्या वर्षी शंभर क्विंटल निघाला आणि हजार रुपये क्विंटलनं गेला. यंदाही शंभरच क्विंटल निघाला, पण भाव मिळाला दोन हजार. त्याच्या खिशात दुप्पट पैसे आले, पण देशात कांद्याची एक गोणीही वाढली नाही. वाढ मोजायची तर भाव जुना गोठवून ठेवावा लागतो, म्हणजे फरक उरतो तो फक्त मालाचा. याला स्थिर किमती म्हणतात. चालू भावानं बघितलं तर याच बारा वर्षांत शेती क्षेत्राचं मूल्यवर्धन तिपटीच्या वर गेलेलं दिसतं, आणि स्थिर किमतींनी उत्पादन जेमतेम दीडपट. या दोन मापांत आणखीही फरक आहे, तो पुढे येईल, पण एवढ्या दरीचं मुख्य कारण महागाईच. सभेत कोणता आकडा सांगितला जातो, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट, टक्का मोठा म्हणजे ढीग मोठा असं नसतं. सोळा लाख कोटींवरचे अडीच टक्के म्हणजे चाळीस हजार कोटी. दोन लाख कोटींवरचे आठ टक्के म्हणजे सोळा हजार कोटी. 'मागे पडलेली' पिकं दरवर्षी देशाच्या ताटात 'धावणाऱ्या' मासळीच्या अडीचपट भर घालतात. पोराची उंची वर्षात चार इंच वाढते आणि बापाची वाढत नाही, म्हणून घरात पोरगा मोठा ठरत नाही.

वजनातही हेच दिसतं. २०१३-१४ साली देशात अन्नधान्य पिकलं २६.५ कोटी टन, २०२३-२४ साली ३३.२ कोटी टन. दहा वर्षांत पाव हिस्सा वाढ. मासळी त्याच काळात ९५.८ लाख टनांवरून १८४ लाख टनांवर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आज मासळीच्या उत्पादनात चीननंतर भारताचा नंबर लागतो. पण टनांची भर बघा: धान्य वाढलं पावणेसात कोटी टनांनी, मासळी ८८ लाख टनांनी.

पिकं सावकाश का

पहिलं कारण जमीन. देशात प्रत्यक्ष पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र १९७० पासून आजतागायत सुमारे १४ कोटी हेक्टरवर थबकलंय. रस्ते, वसाहती, कारखाने थोडं खातात, कुठे पडीक जमीन लागवडीखाली येते, बेरीज तीच. मग वाढ आणायची कुठून? एकाच रानात वर्षाला दोन पिकं घेऊन किंवा एकरी उतारा वाढवून. हरितक्रांतीनं ते केलं. १९६४-६५ साली गहू सव्वा कोटी टनांच्या आसपास होता, आता ११ कोटी टनांच्या पुढे आहे. पण बुटक्या गव्हाचा पहिला झटका एकदाच मिळतो. पुढे त्याच रानात आणखी एक पोतं काढायला आधीपेक्षा जास्त खत, जास्त पाणी आणि जास्त पैसा लागतो. त्यात सरासरी जमीनधारणा एक हेक्टरच्या किंचित वर.

दुसरं कारण पोट. माणूस पैसेवाला झाला म्हणून दुप्पट भाकऱ्या खात नाही. ग्रामीण घरखर्चात तृणधान्याचा वाटा १९९९-२००० साली सुमारे २२ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो सुमारे ५ टक्क्यांवर आला. पैसा गेला दूध, फळं, अंडी, मासे आणि पुडीतल्या खाऊकडे. मागणीच जिथे सावकाश वाढते, तिथे उत्पादन धावलं तर भाव कोसळतो. हे शेतकऱ्याला अर्थशास्त्र न शिकता माहीत असतं.

तिसरं कारण पाऊस. २००२ चा दुष्काळ आठवा: धान्य २१.३ कोटी टनांवरून एका वर्षात साडेसतरा कोटींवर आलं. उलट २०२३-२४ मध्ये एल निनोनं पावसाला ओढ दिली आणि पुढच्या साली तो चांगला झाला, तर धान्य ३३.२ वरून ३५.८ कोटी टनांवर गेलं. एका वर्षात साडेसात टक्क्यांहून जास्त! अशा वर्षीच्या टक्केवारीवर ढोल वाजवू नयेत आणि दुष्काळी वर्षीच्या टक्केवारीवर गळाही काढू नये. पिकांचा कल बघायचा तर दहा वर्षं तरी एकत्र धरावीत.

शिवाय 'पिकं' हा शब्दच फसवा आहे. एकाच गोणीत ज्वारीही आहे आणि केळीही. २०१२-१३ साली फळं-भाज्या-मसाले यांचं वजन पहिल्यांदा अन्नधान्याच्या पुढे गेलं आणि तेव्हापासून ते पुढेच आहे. २०२३-२४ मध्ये तर एक गंमत झाली. उत्पादनाच्या किमतीत केळीनं आंब्याला मागे टाकलं: केळी ४७ हजार कोटी, आंबा ४६.१ हजार कोटी, स्थिर किमतींनी. रत्नागिरीकरांना हे रुचणार नाही, पण रावेर-यावलच्या बागायतदाराला आश्चर्य वाटणार नाही. ऊतिसंवर्धित रोपं, ठिबक आणि घडाला घातलेली पिशवी यांनी केळीची शेती कारखान्यासारखी वेळापत्रकावर आणली. आंबा अजून मोहोराच्या आणि अवकाळी पावसाच्या मर्जीवर. दुसऱ्या टोकाला ज्वारी. १९९०-९१ मध्ये देशात ती एक कोटी टनांहून जास्त पिकायची, आता त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीचं कौतुक आपण हुरड्याच्या दिवसांत करतो, पण राशनच्या गव्हानं तिची भाकरी मागे सारली ती सारलीच. अडीच टक्क्यांच्या सरासरीत ही दोन्ही माणसं आहेत, केळीवालाही आणि ज्वारीवालाही. सरासरी दोघांचीही नाही.

मासा शेतकरी झाला, त्याची गोष्ट

आता मासळीकडे. इथली खरी गोष्ट वाढीच्या दरात नाही, मासा कुठे वाढला यात आहे.

१९५०-५१ साली देशात साडेसात लाख टन मासळी मिळायची आणि तिच्यातली ७० टक्के समुद्राची होती. आज पारडं पुरतं उलटलंय: चार माशांतले तीन जमिनीवरच्या पाण्यातले, म्हणजे तळी, धरणं, नद्या, खाजणं यांतले. गेल्या दशकात जे ८८ लाख टन वाढले, त्यातले साधारण ७८ लाख टन या जमिनीवरच्या पाण्यातले आहेत. समुद्र ३४ लाख टनांवरून ४५ लाखांवर गेला. दर काढला तर वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या आत. म्हणजे समुद्राची वाढ पिकांच्या वाढीइतकीच सावकाश आहे. धावतंय ते तळं.

तळं धावायला लागलं, त्याला एक तारीख आहे. १० जुलै १९५७. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण वीत नाहीत. त्यामुळे तळ्यात सोडायला पिल्लं हवी असली की पावसाळ्यात नदीत जाळी लावून ती गोळा करायची. त्यात कुठल्या माशाची पिल्लं येतील याचा भरवसा नाही, निम्मी दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांची निघायची. ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क मादीला टोचला आणि साठलेल्या पाण्यात तिनं अंडी घातली. बस्स. पुराची वाट बघणं संपलं. १० जुलै हा आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याचसाठी. शेतकऱ्याला संकरित बियाण्याची पिशवी मिळावी तसं मच्छीमाराला मत्स्यबीज मिळालं. आपल्याकडे या पिल्लांना वयाप्रमाणे नावं आहेत: नुकतं अंड्यातून निघालेलं मत्स्यजिरे, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. बोटुकली सोडली तर निभावते, जिरे सोडलं तर बरंचसं बगळ्यांच्या पोटात जातं. हे शास्त्र नव्हे, अनुभव.

बी मिळालं तरी कुणी तरी ते प्रचंड प्रमाणावर पेरायला हवं होतं. ते केलं आंध्रच्या कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशानं, कोल्लेरू सरोवराच्या आजूबाजूनं आणि भीमावरमकडच्या शेतकऱ्यांनी. भाताची खाचरं बांध घालून तळी झाली. कारण सरळ होतं. हाताशी असलेलं चिकण मातीचं, कालव्याच्या पाण्याचं रान भातापेक्षा माशाला जास्त मानवतं. आज देशातल्या एकूण मासळीचा पावहून जास्त हिस्सा एकट्या आंध्रचा आहे. कोलकाता असो की पनवेल, मावशींच्या खोक्यातला रोहू तिथून बर्फात बसून ट्रकनं येतो. म्हणजे ज्याला आपण 'देशाच्या मत्स्यक्षेत्राची वाढ' म्हणतो, तिचा मोठा तुकडा एका त्रिभुज प्रदेशातला आहे. बाकीच्या देशाचा वेग त्यावरून धरला तर चूक होईल.

या तळ्यांत मासा खातो काय? तेल काढलेला भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड. कोळंबीच्या खाद्यात सोयापेंड आणि समुद्रातल्या बारीक मासळीची भुकटी. पिकं आणि मासळी या दोन स्तंभांत छापलेल्या गोष्टी प्रत्यक्षात अशा एकमेकींच्या पोटात आहेत. भात पिकला नाही तर रोहूही महागतो.

इथेच ते दुसरं माप येतं. शंभर रुपयांची कोळंबी विकली, त्यातले पन्नास-साठ खाद्यात गेले, वर बियाणं, वीज, औषधं. उत्पादन शंभरचं, पण देशाच्या उत्पन्नात मोजायची ती खर्च वजा जाता उरलेली रक्कम, म्हणजे मूल्यवर्धन. ज्वारीवाल्याचा खर्च त्या मानानं कमी असतो, त्यामुळे शंभरातले जास्त रुपये त्याच्या मूल्यवर्धनात उरतात. उत्पादनाचे दोन आकडे शेजारी ठेवून 'मासा परवडतो' असं ठरवू नये. तळं काढायला निघालेल्या प्रत्येक तरुणाला मी हे एवढंच सांगतो. बहुतेक ऐकत नाहीत.

कोळंबीचा झोका

वेगाची किंमत काय असते, ते कोळंबीच्या इतिहासात दिसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची लाट आली. भाताची रानं खारी झाली, गावच्या विहिरी खाऱ्या झाल्या, भांडणं कोर्टात गेली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी आठवड्यात मेली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किनारा नियमन पट्ट्यातल्या अशा शेतीवर बडगा उगारला. मग २००५ साली किनारी मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा आला, आणि २००९ मध्ये प्रशांत महासागरातल्या व्हॅनामी कोळंबीला परवानगी मिळाली. रोगमुक्त नर-माद्या परदेशातून आणायच्या, चेन्नईत विलगीकरणात ठेवायच्या, मग त्यांचं बी वाटायचं. ती दाट ठेवली तरी जगते, लवकर तयार होते. २०२३-२४ मध्ये भारतानं ६०,५२४ कोटी रुपयांची मासळी परदेशी पाठवली, त्यात ४० हजार कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. तीन रुपयांतले दोन!

आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तळ्याच्या बांधावरचा भाव रातोरात पडायला वेळ लागला नाही. पिकाला पाऊस मारतो, कोळंबीला विषाणू मारतो किंवा एखादी परदेशातली सही. वाढीच्या टक्क्यात जोखीम दिसत नाही. कोल्लेरूचंही तेच. २००२ साली जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून त्या सरोवराची नोंद झाली आणि त्याच सरोवराच्या पोटात तळ्यांचं अतिक्रमण शिरलं होतं. २००६ साली ती तळी फोडावी लागली. फुटलेलं तळंही कधी काळी कुठल्या तरी वर्षाच्या 'वाढी'त मोजलं गेलं होतं.

दर्याचा हिशेब निराळा

आता मावशींचा दर्या. समुद्रात कुणी बी पेरत नाही, खत घालत नाही. तिथे असलेल्या माशांनी जेवढी नवी पिढी घातली, तेवढीच काढता येते. त्याहून जास्त काढली तर तुम्ही बेणंच खाल्लं. बारीक आसाचं जाळं, एलईडी दिव्यांवरची मासेमारी, पर्ससीन म्हणजे अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं, हे सगळं बेणं खाण्याचे प्रकार आहेत. कोकणात त्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या नौकांमध्ये वर्षानुवर्षं धुसफूस आहे.

शिवाय समुद्र वाढीच्या आलेखासारखा सरळ चालत नाही. केरळात तारली २०१२ साली चार लाख टनांच्या जवळ मिळाली होती. २०२१ साली मिळाली ३,२९७ टन. होय, हजारातच. महाराष्ट्राचंही बघा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणारी मासळी नमुना पद्धतीनं मोजते. तिच्या मोजणीत २०१८ साली राज्यात २.९५ लाख टन मासळी उतरली, २०१९ साली २.०१ लाख टन, म्हणजे ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षी 'वायू', 'क्यार' आणि 'महा' या वादळांनी होड्या किनाऱ्यालाच बांधून ठेवल्या होत्या, पण नुसत्या वादळांचा तो दोष म्हणता येत नाही. घट झाली ३२ टक्के. आता इथून परत २.९५ लाख टनांवर यायचं तर वाढ दाखवावी लागेल ४७ टक्के. जिथे होतो तिथेच परत आलो, तरी बातमी होईल 'राज्यात मासळीत ४७ टक्के वाढ'. खड्ड्यात पडून वर येण्याला पर्वत चढणं म्हणू नये.

देशाच्या पातळीवर याच संस्थेची मोजणी २०१२ साली ३९.४ लाख टन होती, २०२४ साली ३४.७ लाख. सरकारी खात्याच्या आकड्यात मात्र समुद्र वाढताना दिसतो. दोघांची मोजायची रीत वेगळी आहे, त्यामुळे एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट जोडून वाढ काढायची नाही. जो मोजतो, त्याच्याच जुन्या आकड्याशी तुलना करायची.

मोजणीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. पिकांचा उतारा कसा ठरतो हे मी एकदा बांधावर उभं राहून पाहिलं आहे. पीक कापणी प्रयोग म्हणतात त्याला. चिठ्ठीसारख्या रीतीनं आधी गाव, मग गट, मग गटातला कोपरा ठरतो. ज्वारीत दहा बाय पाच मीटरचा चौकोन खुंट्या ठोकून सुतळीनं आखला. कृषी सहायक, तलाठी आणि चार पोरं. सुतळी एका ताटावरून गेली, तर ते ताट आत धरायचं की बाहेर, यावर पाच मिनिटं वाद झाला. कापून, मळून, उफणून दाणे काट्यावर ठेवले. त्या पन्नास चौरस मीटरांतल्या किलोंवरून मंडळाचा, मंडळावरून तालुक्याचा, तालुक्यावरून राज्याचा उतारा निघतो. अशा हजारो सुतळ्यांची बेरीज म्हणजे दिल्लीतला आकडा, आणि पीकविम्याचं नशीबही त्याच सुतळीवर टांगलेलं. म्हणून माझा पिकांच्या आकड्यावर बऱ्यापैकी विश्वास आहे. तळ्यांचं तसं नाही. तळ्यातला मासा पाण्याखाली असतो, तो विकला जातो पहाटे, बांधावर, व्यापाऱ्याच्या टेम्पोत. तिथे किती बी सोडलं आणि पाणी किती, यावरून अंदाज बांधण्याचं प्रमाण मोठं. वेगानं वाढणाऱ्या क्षेत्राचीच मोजणी जास्त ढिली असावी, हे मला जरा खटकतं.

लक्ष्यांचंही तसंच. २०२० साली २०,०५० कोटींची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, तिचं लक्ष्य होतं २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन आणि तळ्यांचा हेक्टरी उतारा तीन टनांवरून पाच टनांवर. देश २०० लाखांच्या अलीकडेच राहिला. वाढ चांगलीच झाली, लक्ष्य चुकलं. दोन्ही वाक्यं एकाच पानावर छापायला हरकत नसते.

आपल्याकडे

महाराष्ट्राला मोठा किनारा आहे, पण देशाच्या वाढीला जो रेटा मिळाला तो तळ्यांतून, आणि त्यात आपण मागे आहोत. उजनीच्या पाण्यात चिलापी निघते, भिगवणच्या बाजारात तिचे ढीग दिसतात. शेततळ्यांत कुणी कुणी बोटुकली सोडतो. पण शेततळं खोदलेलं असतं द्राक्षासाठी किंवा कांद्यासाठी. एप्रिलमध्ये बागेला पाणी लागलं की तळं तळाला जातं, आणि मासा नेमका तेव्हाच भरायला लागलेला असतो. बाग वाचवायची की मासा, यात मासा हरतो. ज्याच्याकडे पाणी बारमाही आहे त्यानंच यात पडावं, असं माझं मत आहे, अनुदान कितीही असो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. म्हणजे तळ्यावरच्या पंपाला शेतीच्या दरानं वीज, शेतकऱ्यासारखं कर्ज, विमा. तळंवाल्याला याचा लगेच उपयोग आहे, कारण एरेटरचं, म्हणजे पाण्यात हवा कालवणाऱ्या यंत्राचं बिल हा त्याचा रोजचा घोर. डोलजाळं लावणाऱ्या कोळ्याला पंप नसतो. त्याचा खर्च डिझेल, बर्फ आणि खलाशांचे पगार. त्याच्या कामाचे निर्णय वेगळे आहेत: १ जून ते ३१ जुलैची बंदी नीट पाळली जाते का, नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी ठरवलेला किमान आकार बंदरावर कुणी पट्टी लावून बघतं का. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी बाजारात तळहाताएवढी पापलेटंही विकायला होती.

भंडारा-गोंदियात मात्र एक जुनी व्यवस्था आहे, जिथे हे दोन स्तंभ कधी वेगळे नव्हतेच. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांचे; लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. एकाच पाण्यावर खाली धानाची बांधी भिजते आणि तलावात ढीवर मासे धरतात. धानाला पाणी कधी सोडायचं यावर ढीवरांची संस्था आणि शेतकरी यांच्यात दरवर्षी बोलाचाली होते, कारण पाणी उतरलं की मासा उघडा पडतो. पेंच किंवा गोसीखुर्दच्या आकड्यांत हे तलाव झाकले जातात. त्यातल्या कित्येकांत गाळ इतका साठलाय की मार्चनंतर पाणी उरत नाही, धानालाही नाही आणि माशालाही नाही. गाळ काढला तर दिल्लीच्या आठ टक्क्यांत त्यानं दशांशाचाही फरक पडणार नाही.

मावशींकडून शेवटी चार बांगडेच घेतले. दोनशे रुपयांचे.